आयुर्वेदाच्या वर्गात ‘कशावरून?’ विचारायला कसं शिकवावं

बीएएमएसच्या विद्यार्थ्याला आमवाताची लक्षणं विचारा, माधवनिदानातला श्लोक तो एका दमात म्हणून दाखवतो. मग ओपीडीत समोर बसलेल्या रुग्णाबद्दल विचारा, ‘यांना आमवातच कशावरून? संधिगतवात का नाही?’ पुष्कळदा उत्तर म्हणून तोच श्लोक पुन्हा ऐकायला मिळतो. यात मुलाचा दोष थोडा. वर्गात त्याला श्लोकच विचारलेला असतो, तोंडी परीक्षेतही श्लोकच विचारतात, आणि तो आला की गुण मिळतात.

चरकाने या चुकीला आपल्या संहितेतल्या विमानस्थान या विभागाच्या आठव्या अध्यायात नाव देऊन ठेवलं आहे. अहेतूचे, म्हणजे खोट्या कारणांचे, तिथे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यातला एक संशयसम. त्याचं उदाहरण असं: एक माणूस आयुर्वेदाचा एखादा भाग म्हणून दाखवतो, आणि हा वैद्य आहे की नाही अशी शंका येते. तेव्हा दुसरा म्हणतो, ‘आयुर्वेदाचा भाग म्हणतो आहे, त्या अर्थी हा वैद्यच.’ ज्या गोष्टीने शंका आणली तीच गोष्ट शंका मिटवायला पुढे केली. पहिल्या तासाला हेच उदाहरण फळ्यावर लिहावं. पाठांतर आणि निदान यांतलं अंतर सांगायला याहून चांगली सुरुवात नाही.

तर्क शिकवण्यासाठी बाहेरून काही आणावं लागत नाही. चरकाच्याच सूत्रस्थान ११ मधली चतुर्विध परीक्षा (आप्तोपदेश म्हणजे जाणत्यांचं वचन, प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ती म्हणजे अनेक कारणं जुळवून काढलेला निष्कर्ष), विमानस्थान ४ मधली रोगपरीक्षा आणि विमानस्थान ८ मधली ४४ वादमार्गपदं, म्हणजे वादचर्चेच्या संज्ञा, ही हत्यारं अभ्यासक्रमात आहेतच, फक्त ती व्याख्या म्हणून घोकली जातात. खाली दिलेली रीत १५ ते २० जणांच्या बॅचसाठी आहे. एका टर्ममध्ये १२ ते १४ तास आणि रोजच्या ओपीडीतली वीस मिनिटं एवढ्यात ती बसते.

केसपेपरला चार रकाने

प्रत्येकाला दोनशे पानी वही घ्यायला सांगा. एका रुग्णाला समोरासमोरची दोन पानं. त्यावर चार रकाने आखायचे: प्रत्यक्ष, रुग्णाने सांगितलेलं, ग्रंथात आहे ते, आणि अनुमान. युक्तीला आत्ताच रकाना नको, ती शेवटी तळाशी येते.

दुसऱ्या रकान्यावर मुलं अडतात, आणि तिथे अडायलाच हवं. रुग्णाचं बोलणं प्रत्यक्ष नाही, कारण त्याची वेदना वैद्याला दिसत नाही. ते आप्तोपदेशही नाही. ग्रहणीचं मृदू-दारुणपण, स्वप्नं, आवडनिवड, सुख-दुःख या गोष्टी रुग्णाला विचारूनच कळतात, असं विमानस्थानाच्या चौथ्या अध्यायात आहे. म्हणून या माहितीला वेगळी जागा द्यायची आणि तिच्याशेजारी ‘कसं विचारलं’ हेही लिहायचं. ‘सकाळी सांधे आखडतात ना?’ असं विचारून मिळालेलं ‘हो’ आणि ‘सकाळी उठल्यावर कसं वाटतं?’ असं विचारल्यावर रुग्णाने आपणहून सांगितलेला ताठरपणा, या दोन्हींचं वजन सारखं नसतं.

पहिल्या आठवड्यात सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे प्रत्यक्षाच्या रकान्यात ‘वातवृद्धी’ लिहिणं. वात कोणाला दिसला? दिसली ती कोरडी त्वचा, हाताला लागली ती गुडघ्यातली करकर. वातवृद्धी हे अनुमान, ते चौथ्या रकान्यात जायला हवं. पहिल्या दहा केसपेपरांत शिक्षकाने एवढंच तपासावं आणि चुकीच्या रकान्यातला शब्द लाल पेनाने बाणाने योग्य रकान्यात न्यावा. निदान बरोबर की चूक, हे या टप्प्यावर सांगूच नये. शिक्षकाने उत्तर सांगितलं की मुलं रकाने उलटे भरायला लागतात: आधी निदान, मग त्याला जुळणारी लक्षणं.

पाच वाक्यांचा युक्तिवाद

वही अंगवळणी पडली की प्रतिज्ञा (दावा), हेतू (कारण), दृष्टांत (उदाहरण), उपनय (उदाहरण इथे लावून दाखवणं), निगमन (निष्कर्ष) या क्रमाने निदान लिहायला लावा. पाच वाक्यं, अर्ध्या पानाच्या आत. नमुना असा:

प्रतिज्ञा: या ४५ वर्षांच्या बाईंना आमवात आहे, संधिगतवात नाही.
हेतू: बोटांच्या सांध्यांच्या सुजेबरोबर अरुची, अंगाचा जडपणा आणि कणकण ही सगळ्या शरीराची लक्षणं आहेत.
दृष्टांत: ताप भरताना भूक जाते, अंग मोडून येतं, सगळं शरीरच बिघडतं, हे कोणालाही ठाऊक असतं.
उपनय: तसंच इथे दुखणं सांध्यापुरतं राहिलेलं नाही, भूकही गेली आहे आणि अंगही जड आहे.
निगमन: म्हणून आमवात.

दृष्टांताबाबत चरकाची अट कडक आहे: तो अडाणी आणि विद्वान दोघांनाही सारखाच कळला पाहिजे. मुलं तिथे हटकून दुसरा श्लोक लिहितात. तो खोडायला लावा आणि आजीला पटेल असं उदाहरण मागा. हे जमेनासं झालं, तर हेतूच नीट समजलेला नसतो.

आता शेजारच्या विद्यार्थ्याने प्रतिष्ठापना करायची, म्हणजे उलट बाजू तितक्याच प्रामाणिकपणे मांडायची. वरच्या नमुन्याला चांगला आक्षेप असा: या बाई महिनाभर वेदनाशामक गोळ्या घेत आहेत, अरुची त्या गोळ्यांनीही आली असेल. याचं उत्तर ग्रंथात शोधायचं नाही, रुग्णाकडे परत जायचं आणि आधी काय सुरू झालं, भूक जाणं की गोळ्या, हे विचारायचं. भूक दोन आठवडे आधी गेली होती असं कळलं तर हेतू टिकला. नाही तर तो वाक्यातून काढायचा आणि उरलेल्या हेतूंवर प्रतिज्ञा उभी राहते का ते बघायचं. ओपीडीकडे मागे जाणारी ही फेरी हाच या सरावाचा गाभा आहे. ती वर्गातच बसून मिटवली तर उरतं नुसतं वक्तृत्व.

आमवात म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थरायटिस, संधिगतवात म्हणजे ऑस्टिओआर्थरायटिस, असं समीकरण मांडून मुलं मोकळी होतात. दोन्ही नावं लिहू द्या, पण त्यांच्यामध्ये बरोबरचं चिन्ह नको. रक्ततपासणीचा निष्कर्ष एका नावाचा आधार असतो, दुसऱ्याचा आपोआप होत नाही.

उपशय: अंदाज आधी, उपचार नंतर

गूढलिंग, म्हणजे लक्षणं स्पष्ट नसलेला, व्याधी उपशय-अनुपशयाने, म्हणजे कशाने बरं वाटतं आणि कशाने वाढतं यावरून, ओळखावा, असं विमानस्थान सांगतं. उत्तम उदाहरण ऊरुस्तंभाचं, म्हणजे मांड्या जखडण्याच्या आजाराचं. वाताचा आजार समजून स्नेहन (तेला-तुपाचे उपचार) केलं की तो वाढतो, हे चिकित्सास्थानाच्या सत्ताविसाव्या अध्यायात स्पष्ट आहे. पण रोजच्या शिकवण्यात उपशय मागून येतो. रुग्णाला बरं वाटलं की ‘बघा, निदान बरोबर होतं’, नाही वाटलं की ‘पथ्य पाळलं नसेल’. अशा उपशयाने काहीच ठरत नाही.

म्हणून उपचाराच्या आधी, तारखेसह, चार ओळी लिहून घ्या: काय देणार, कोणतं लक्षण मोजणार, किती दिवसांत किती फरक पडायला हवा, आणि तो पडला नाही तर कोणतं निदान मागे घेणार. उदाहरणार्थ: वालुका स्वेद (गरम वाळूचा शेक) रोज १५ मिनिटं, पाच दिवस, सकाळचा ताठरपणा ६० मिनिटांवरून ४० च्या खाली यायला हवा, न आल्यास आमवाताचा विचार पुन्हा तपासणार. आकडे शिक्षकाने ठरवून द्यायचे नाहीत, पण विद्यार्थ्याने ते लिहिल्याशिवाय उपचाराच्या कागदावर सही करायची नाही.

हा प्रयोग तीन कारणांनी फसतो. एक, स्वेद, काढा आणि पथ्य एकाच दिवशी सुरू होतं, मग फरक कशाने पडला ते कळत नाही. दोन, आधीची नोंदच नसते. सांधेदुखी आपणहून कमी-जास्त होते, म्हणून उपचारापूर्वी निदान दोन दिवसांचा ताठरपणा मिनिटांत लिहिलेला हवा. तीन, रुग्ण तीव्र दुखण्याच्या दिवशी येतो आणि त्यानंतर बहुधा उतारच असतो; हा उतार औषधाच्या खात्यावर जमा होतो.

आणि एक गोष्ट ठामपणे सांगायची. एकच सांधा लाल, गरम, सुजलेला आणि सोबत ताप, असं असेल तर उपशयाची वाट पाहायची नाही. सांध्यात जंतुसंसर्ग असू शकतो आणि तो लवकर सांधा निकामी करतो. त्याच दिवशी रुग्णालयात पाठवायचं. रुग्णाची चालू असलेली मेथोट्रेक्सेटसारखी औषधं विद्यार्थ्याच्या उपशयासाठी बंद करायची नाहीत.

मैत्रेयाचा आक्षेप, दोन तास

सूत्रस्थानाचा दहावा अध्याय, महाचतुष्पाद, साधारणपणे रोगांच्या साध्य-असाध्य प्रकारांसाठी शिकवला जातो. खरं रत्न त्याच्या सुरुवातीलाच आहे. मैत्रेय हा ऋषी संहितेतले गुरू आत्रेय यांना म्हणतो: सगळी साधनं असलेले, कुशल वैद्याकडून उपचार घेतलेले काही रुग्ण बरे होतात, काही मरतात. साधनं नसलेल्यांपैकीही काही बरे होतात, काही मरतात. मग औषध देणं आणि न देणं यांत फरक तो काय? खड्ड्यात किंवा तळ्यात ओतलेलं थोडंसं पाणी, वाहत्या नदीत टाकलेली मूठभर धूळ, तसं हे औषध.

पहिल्या तासात आत्रेयांचं उत्तर दाखवूच नका. वर्गाला मैत्रेयाच्या चार वाक्यांचा तक्ता करायला सांगा: आडव्या ओळी ‘उपचार घेतले’ आणि ‘घेतले नाहीत’, उभे रकाने ‘बरे झाले’ आणि ‘मेले’. चार घरं तयार होतात. मग विचारा, मैत्रेयाने या घरांबद्दल नेमकं काय सांगितलं? प्रत्येक घरात कोणीतरी आहे, एवढंच. किती जण आहेत, हे सांगितलेलं नाही. इथे कोणीतरी मूल जागेवर ताठ बसतं. आता आकडे भरा: उपचार घेतलेल्या ४० पैकी ३० बरे, न घेतलेल्या ४० पैकी २० बरे. चारही घरं भरलेली आहेत, तरी ७५ टक्के आणि ५० टक्के यांत फरक आहे. मग दुसरे आकडे: ३० आणि ३०. मग लगेच तिसरा प्रश्न: उपचार न घेतलेले ४० कोण होते? गरीब, दूर गावचे, उशिरा आलेले? की मुळात इतके किरकोळ आजारी, की वैद्याकडे गेलेच नाहीत? पहिल्या आकड्यांतला फरक मग औषधाचाच, असं म्हणता येईल का?

दुसऱ्या तासाला आत्रेयांचं उत्तर वाचा. स्वतः उठू शकणारा पडलेला माणूस, दुसऱ्याने हात दिला तर लवकर आणि कष्टाविना उठतो; औषध न घेता बरे होणाऱ्यांचं तसंच. आणि उपचार घेऊनही जे मरतात, त्यांच्याबाबत हे ध्यानात घ्यायचं की सगळेच रोग उपायाने बरे होणारे नसतात. यावर तीन प्रश्न लिहून द्या. हात देण्याचं उदाहरण दृष्टांत आहे की हेतू? ‘लवकर उठतो’ हे तपासायचं तर काय मोजावं लागेल? आणि, रुग्ण मेल्यावर ‘तो असाध्य होता’ असं म्हटलं, तर हे उत्तर कधी चुकीचं ठरू शकेल का?

तिसरा प्रश्न सगळ्यात मोलाचा. असाध्य हा शिक्का मागून मारला तर कोणतंही औषध कधीच हरणार नाही. पण त्याच अध्यायात पुढे साध्य-असाध्याचा विभाग जाणून, ज्ञानपूर्वक आणि वेळेवर कामाला हात घालणाऱ्या वैद्याची स्तुती आहे. म्हणजे ठरवायचं ते उपचाराच्या आधी. त्या दिवसापासून केसपेपरच्या वर ‘साध्य, कष्टसाध्य, याप्य (बरा न होणारा, पण उपचाराने ताब्यात राहणारा), असाध्य’ यांपैकी एक, तारीख आणि सही घालून लिहायची प्रथा सुरू करा. टर्मच्या शेवटी प्रत्येकाने आपले अंदाज मोजायचे.

काही मुलांना वाटतं की आत्रेयांच्या उत्तराची छाननी म्हणजे अवमान. त्यांना संहितेची रचनाच दाखवा. मैत्रेयाचा आक्षेप संहितेने पुसून टाकला नाही, पूर्ण ताकदीनिशी जपला आहे.

संभाषेचे नियम

चर्चेसाठी संधाय संभाषा, म्हणजे मित्रभावाने केलेली चर्चा, निवडावी, विगृह्य नव्हे. जिंकण्यासाठीची विगृह्य संभाषा वाचायला द्यावी, खेळायला नको. पहिल्या वर्षाची मुलं ती फार लवकर शिकतात. चार जणांचा गट: एक मांडणारा, एक उलट मांडणारा, एक फक्त वाक्यदोष टिपणारा, एक लेखनिक. २५ मिनिटं, मग भूमिका बदलायच्या.

दोष टिपणाऱ्याच्या हातात छोट्या चिठ्ठ्या द्या: न्यून (काही राहून गेलेलं), अधिक, अनर्थक (निरर्थक), अपार्थक (शब्दांना अर्थ आहे, पण एकमेकांशी संबंध नाही), विरुद्ध, वाक्छल आणि सामान्यछल (शब्दांची फसवी ओढाताण), हेत्वंतर (मधेच कारण बदलणं). छलाची चरकाची उदाहरणं मुलांच्या लक्षात राहतात. ‘नवतंत्र’ म्हणजे नव्याने शास्त्र शिकलेला, या अर्थाने कोणी बोललं. समोरचा ‘नव’चा अर्थ नऊ घेऊन म्हणतो, ‘मी कुठे नऊ तंत्रं शिकलो, मी तर एकच.’ हे वाक्छल. आणि सामान्यछल: औषध ‘सत्’ आहे, रोगही ‘सत्’ आहे, सत् जर सत्‌ला शमवतं तर कासाने क्षय बरा व्हावा! ‘नैसर्गिक आहे म्हणून निर्धोक’ हे वाक्य मुलांसमोर ठेवा, ती स्वतःच याच चिठ्ठीकडे हात नेतात. मग ईश्वरीचं उदाहरण द्या: या वंशातल्या वनस्पतींमधलं ॲरिस्टोलोकिक आम्ल मूत्रपिंडं निकामी करतं आणि कर्करोगही घडवतं, हे पक्कं सिद्ध झालं आहे.

चर्चा तापली की सूत्रस्थान २५ मधला प्रसंग वाचावा. पुरुष (म्हणजे माणूस) आणि त्याचे रोग कशातून उपजतात यावर आत्मा, मन, रस, कर्म, स्वभाव, काल असं एकेक कारण धरून ऋषी भांडतात, आणि पुनर्वसू, म्हणजे आत्रेयच, म्हणतात, असं बोलू नका, पक्ष धरला की तत्त्व हाती लागत नाही. तेलाच्या घाण्यावर फिरणाऱ्यासारखे तुम्ही गोल गोल फिराल.

अडचणीचं वचन टाळू नका

सुश्रुत सूत्रस्थानाच्या चाळिसाव्या अध्यायात म्हणतात, हजार हेतू दिले तरी अंबष्ठादी गण (औषधी वनस्पतींचा एक गट) विरेचन करणार नाही, म्हणजे जुलाब करवणार नाही. म्हणून शहाण्याने आगमावर, म्हणजे शास्त्रवचनावर, उभं राहावं, हेतूंवर नाही. तर्क शिकवणाऱ्याला हे वचन सोडून द्यावंसं वाटतं. उलट त्यावर पूर्ण तास द्या. आधीच्या ओळीत औषधांना ‘प्रत्यक्षलक्षणफलाः’ म्हटलं आहे, म्हणजे ज्यांचं फळ डोळ्यांना दिसतं अशी. अंबष्ठादी अतिसार थांबवतो, हे पाहिलेलं असताना कोरड्या युक्तिवादाने तो रेचक ठरवता येत नाही, असा अर्थ निघतो. पण मग पुढचा प्रश्न वर्गाने विचारायला हवा: उद्या प्रत्यक्ष आणि आगम यांचंच जमलं नाही तर?

त्यासाठी हाडं मोजा. चरक ३६० सांगतो, सुश्रुत ३००, शवविच्छेदन कक्षात प्रौढ सांगाड्याची २०६ भरतात. ‘कोण चुकलं’ असं न विचारता ‘कोणी काय मोजलं’ असं विचारा. चरकाने ३२ दात, दातांची ३२ उखळं आणि २० नखंही धरली आहेत. सुश्रुत दातांना रुचक आणि कूर्चांना (कार्टिलेज) तरुण म्हणून हाडांतच घेतो. ही भर वजा करून काय उरतं, ते गटांनी काढावं. सगळं जुळणार नाही. जे जुळत नाही ते वहीत तसंच न जुळलेलं राहू द्यावं. ओढूनताणून २०६ करणारा गट गुण गमावतो, हे आधीच सांगून ठेवा.

एक आधुनिक प्रयोग: गुग्गुळ

१९६६ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात जी. व्ही. सत्यवती यांनी सुश्रुतातल्या मेदोरोगाच्या संप्राप्तीवरून (रोग कसा घडतो या वर्णनावरून) गुग्गुळ तपासायला घेतला. सशांवर चरबी उतरल्याचं दिसलं, पुढे त्यातून औषधही आलं. २००३ मध्ये अमेरिकेत १०३ प्रौढांवर आठ आठवड्यांची चाचणी प्रसिद्ध झाली. नकली गोळी घेणाऱ्यांचं एलडीएल (रक्तातलं ‘वाईट’ कोलेस्टेरॉल) ५ टक्के उतरलं, गुग्गुळाचं सार नेहमीच्या मात्रेत घेणाऱ्यांचं ४ टक्के आणि मोठ्या मात्रेत घेणाऱ्यांचं ५ टक्के चढलं. गुग्गुळ घेणाऱ्यांपैकी सहा जणांच्या अंगावर पुरळही उठलं.

वर्ग लगेच आक्षेप घेतो: ते शोधित गुग्गुळ नव्हतं, सार होतं, मेद म्हणजे एलडीएल नव्हे, रुग्णांची प्रकृती पाहिली नव्हती. आक्षेप फळ्यावर लिहा, सगळे चांगले आहेत. मग नियम सांगा: हेच आक्षेप गुग्गुळाच्या बाजूने निघालेल्या प्रत्येक अभ्यासालाही लावायचे. तेही एलडीएलच मोजत होते का? तेही सारच होतं का? नकोशा निष्कर्षापुरताच उगवणारा आक्षेप खोडून टाकायचा.

दोघांचं मत किती जुळतं

प्रकृतिपरीक्षणाचा सराव जोड्यांनी घ्या. ३० व्यक्ती, दोन परीक्षक, एकमेकांशी न बोलता. समजा १८ जणांबाबत मत जुळलं, म्हणजे ६० टक्के. हे चांगलं वाटतं. पण दोघेही निम्म्यांना वातप्रधान, तीन दशांशांना पित्तप्रधान आणि दोन दशांशांना कफप्रधान म्हणत असतील, तर डोळे मिटून चिठ्ठ्या काढल्या तरी ०.२५ + ०.०९ + ०.०४, म्हणजे ३८ टक्के जुळणारच. नशिबाच्या वरची कमाई ०.६० वजा ०.३८, आणि कमावता येण्याजोगी जागा १ वजा ०.३८. भागाकार साधारण ०.३५. जुळणी मोजणाऱ्या या आकड्यालाच इंग्रजीत ‘kappa’ म्हणतात. मग कोणत्या लक्षणावर मत फुटलं ते शोधायचं आणि ते कसं पाहायचं यावर एक वाक्याचा नियम ठरवून पुन्हा ३० जण तपासायचे. आकडा वाढला तर नियम कामाचा.

गुण कशाला

वरचं सगळं परीक्षेत दिसलं नाही तर दोन महिन्यांत विरून जातं. अंतर्गत मूल्यमापनातल्या २० गुणांची वाटणी अशी करावी: रकाने योग्य भरल्याचे ५, हेतू आणि प्रतिज्ञेचा सांधा ५, उलट बाजू प्रामाणिकपणे मांडल्याचे ४, ‘काय दिसलं तर मत बदलेन’ या वाक्याचे ४, आणि योग्य निदानाचे २. निदानाला दोनच, यावर सहकारी नाराज होतील. त्यांना सांगावं की श्लोकाचे आणि निदानाचे गुण विद्यापीठाच्या पेपरात आहेतच.

‘रोगाचं नाव ठरलं नाही’ हे उत्तरही ग्राह्य धरावं, मात्र दोष, दूष्य (दोषाने बिघडलेला धातू), अधिष्ठान (आजाराची जागा) आणि पुढे काय तपासणार हे लिहिलेलं हवं. रोगाचं नाव सांगता आलं नाही म्हणून वैद्याने लाजू नये, सगळ्या विकारांना ठरीव नावं नसतात, असं चरकसूत्रस्थानाच्या अठराव्या अध्यायात आहे. अशा उत्तराला १८ पैकी १८ देता येतात, आणि पहिल्या टर्ममध्ये एकदा तरी ते वर्गासमोर द्यावेत.